स्क्रीन काळी झाली, लॅपटॉप मेलेला नाही

रमजानच्या दुसऱ्या अशऱ्यातली गोष्ट. तरावीह आटोपून घरातले पुरुष नुकतेच परतले होते आणि फोनवर माझी भाची रडत होती. "खाला, लॅपटॉप गेला. बटण दाबलं की कंपनीचं नाव येतं, मग सगळं काळं. कोपऱ्यात एक छोटी रेघ लुकलुकतेय, बस्स." पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे ती. प्रोजेक्टचा अहवाल ईदच्या आधी जमा करायचा होता आणि तो अहवाल त्याच लॅपटॉपमध्ये होता.

दुसऱ्या दिवशी दुल्हाभाई लॅपटॉप घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने दोन मिनिटांत निदान केले. डिस्प्ले कार्ड गेले आहे, ते बोर्डावरच असते, म्हणजे बोर्ड बदलावा लागेल, साडेसहा हजार रुपये. नाहीतर आधी फॉरमॅट मारून बघतो, त्याचे पाचशे, पण डेटा जाईल. ठेवून जा, संध्याकाळी सांगतो.

लॅपटॉप मुळात सेकंडहँड, अकरा हजारांना घेतलेला. तरी दुल्हाभाई तो ठेवून आले नाहीत, याचे कारण पैसा नव्हता. त्या लॅपटॉपमध्ये गेल्या वर्षीच्या निकाहाचे सगळे फोटो होते. मेहंदीच्या रात्रीचे, घरातल्या बायका-मुलींचे, घरच्या कपड्यांतले. ते सगळे अनोळखी माणसाच्या टेबलावर रात्रभर सोडून येणे त्यांच्याने झाले नाही. तसेच माझ्या दारात आले आणि म्हणाले, "आपा, तुम्ही शाळेतले कॉम्प्युटर दुरुस्त करता ना? एकदा बघा."

मी दुरुस्त वगैरे काही करत नाही. मी उर्दू आणि मराठी शिकवते. पण आमच्या शाळेच्या खोलीतले जुने कॉम्प्युटर लिनक्सवर चालतात आणि ते अडले की दुसरे कोणी येत नाही, म्हणून चुकत-माकत थोडे शिकले. तेवढ्या शिदोरीवर तो लॅपटॉप दीड तासात सुरू झाला. एक रुपया लागला नाही आणि एक फोटोही गेला नाही. त्या दीड तासात काय केले, ते सांगण्यासाठी हा लेख. कारण हा प्रसंग आता अनेक घरांत येणार आहे. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारी मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, जो आपल्या घरातल्या जुन्या लॅपटॉपांत नसतो. चांगले चालणारे यंत्र भंगारात घालणे ही फजूलखर्ची, म्हणून पुष्कळ मुले त्यावर लिनक्स टाकून घेतात. लिनक्स मिंट किंवा उबुंटू, दोन्ही फुकट. केरळच्या सरकारी शाळांत तर मुले वर्षानुवर्षे लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकत आहेत. पण आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत विंडोजचीच सवय. लिनक्सची काळी स्क्रीन समोर आली की निदान ठरलेले असते : बोर्ड गेला, किंवा फॉरमॅट मारा.

तर्जुमान बिघडला तर

कोणत्याही लॅपटॉपमध्ये स्क्रीनवर चित्र काढणारी एक चिप असते, तिला ग्राफिक्स चिप म्हणतात. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, आपली भाषा बोलतो आणि ही चिप तिची वेगळीच भाषा बोलते. दोघांच्या मध्ये एक तर्जुमान बसवलेला असतो. तो म्हणजे ड्रायव्हर. ड्रायव्हर हा पुर्जा नव्हे, ती एक फाइल असते, मजकूर असतो. तर्जुमान आजारी पडला किंवा त्याला नवी भाषा कळेनाशी झाली, तर दोन्ही बाजूंची माणसे ठणठणीत असूनही बैठक शांत होते. बाहेरून बघणाऱ्याला वाटते, आत कोणी नाहीच.

ग्राफिक्स चिपा मुख्यत्वे तीन कंपन्यांच्या असतात. इंटेल आणि एएमडी यांचे ड्रायव्हर उघडे आहेत. त्यांचा मजकूर कोणीही वाचू शकतो आणि ते लिनक्सच्या कर्नलबरोबरच येतात. वेगळे काही टाकावे लागत नाही. तिसरी कंपनी एनव्हिडिया. तिने आपल्या चिपांची भाषा अनेक वर्षे झाकून ठेवली आणि स्वतःचा बंदिस्त ड्रायव्हर वेगळा दिला. मग काही स्वयंसेवकांनी चिप काय बोलते हे जणू दाराआडून ऐकून-ऐकून स्वतःचा उघडा ड्रायव्हर तयार केला. त्याचे नाव नूवो, फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ 'नवा'. तो चालतो, पण पुष्कळ चिपांवर पूर्ण वेगाने नाही. १९९१ साली लिनक्सची सुरुवात करणारे लिनस टोरवाल्ड्स एरवीही फार गोड बोलणारे नाहीत. २०१२ साली फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात त्यांनी, आपला संबंध आलेल्या कंपन्यांपैकी ही सर्वांत वाईट, असे या कंपनीबद्दल जाहीरपणे सांगितले होते. पुढे २०२२ मध्ये कंपनीने ड्रायव्हरचा कर्नलशी जोडणारा भाग खुला केला, पण तो २०१८ नंतरच्या पिढ्यांसाठी. आपल्या घरात येतात ते सेकंडहँड लॅपटॉप त्याहून जुने. त्यांच्यासाठी जुन्या मालिकांचे ड्रायव्हर आहेत. उदाहरणार्थ, २०११ च्या सुमाराच्या चिपांसाठी ३९० क्रमांकाची मालिका. तिची देखभाल २०२२ अखेर बंद झाली. कर्नल मात्र दर दोन-अडीच महिन्यांनी नवा निघत राहतो. तर्जुमानाचा अभ्यास थांबला आणि भाषा पुढे गेली, असा हा मामला.

आणखी एक गुंता आहे. पुष्कळ लॅपटॉपांत दोन ग्राफिक्स चिपा असतात. रोजच्या कामाला इंटेलची, कमी वीज खाणारी, आणि खेळ किंवा जड कामासाठी दुसरी, ताकदवान. स्क्रीनची तार बहुधा इंटेलच्याच चिपला जोडलेली असते. हे लक्षात ठेवा, पुढे आमच्या गोष्टीत हेच उपयोगी पडले.

अंधार कुठे सुरू होतो

मुख्य मुद्दा हा की, पैसे देण्याआधी अंधार नेमका कोणत्या क्षणी सुरू होतो ते बघावे. बटण दाबल्यावर कंपनीचे नाव किंवा चिन्ह स्क्रीनवर दिसले का? ते चिन्ह दिसते तेव्हा लिनक्स अजून जागाच झालेला नसतो. ते चित्र लॅपटॉप स्वतःच काढतो. म्हणजे चिन्ह स्वच्छ दिसले तर स्क्रीन, तिची तार, तिच्यामागचा दिवा आणि चित्र काढणारी चिप, निदान तेवढ्या वेळापुरती तरी, शाबूत आहे. त्यानंतर अंधार झाला तर संशय ड्रायव्हरवर. दुकानदाराला हे माहीत असायला हवे होते, कारण भाचीने फोनवर पहिल्याच वाक्यात ते सांगितले होते : "कंपनीचं नाव येतं, मग सगळं काळं."

याच्या उलट, चिन्हाच्या वेळीच स्क्रीनवर रंगीत उभे पट्टे किंवा चौकोन दिसत असतील तर बिघाड बहुधा यंत्रात आहे, तिथे दुरुस्ती करणाऱ्याचेच काम. आणि चिन्हही दिसत नसेल, पण पंख्याचा आवाज येतो, कॅप्स लॉकचा दिवा बटण दाबल्यावर लागतो-विझतो, तर खोलीत अंधार करून मोबाइलची बॅटरी स्क्रीनवर तिरकी धरा. पुसट चित्र दिसले तर चित्र तयार होते आहे, फक्त मागचा दिवा लागत नाही. काहीच दिसले नाही तर एचडीएमआयची तार घेऊन घरातल्या टीव्हीला जोडून बघा. टीव्हीवर चित्र आले तर बोर्ड जिवंत आहे, दोष स्क्रीनमध्ये किंवा तारेत, आणि त्याचा खर्च बोर्डाच्या मानाने बराच कमी. एवढी माहिती हातात घेऊन दुकानात गेलेल्या माणसाशी दुकानदार वेगळ्या सुरात बोलतो, हा माझा अनुभव.

एक साधी गोष्ट राहिली. प्रकाश कमी-जास्त करण्याची बटणे आधी दाबून बघा. हसू नका. आमच्या शाळेत एकदा अर्धा दिवस याच्यात गेला आहे.

त्या रात्री काय केले

सहरीला अजून वेळ होता. मी लॅपटॉप सुरू केला. कंपनीचे चिन्ह आले, मिंटचे चिन्ह आले, मग काळे. मी भाचीला विचारले, "काल-परवा याच्यात काही नवीन टाकलंस का?" आधी नाही म्हणाली. मग हळूच म्हणाली, "एक व्हिडिओ बघून नवा कर्नल टाकला होता, लॅपटॉप फास्ट होतो म्हणून." टाकताना एक चुकीची सूचनाही आली होती, पण शेवटी 'झाले' असे दिसले म्हणून तिने ती वाचली नाही. मुलांना विचारताना आवाज चढवू नये, हे मी वर्गात शिकले. आवाज चढला की अशी माहिती कधीच बाहेर येत नाही.

आता नीट ऐका. लिनक्स नवा कर्नल टाकतो तेव्हा जुना लगेच पुसत नाही. दोन्ही राहतात. लॅपटॉप सुरू होताना ग्रब नावाची एक यादी येऊ शकते, एरवी ती लपलेली असते. ती बघायची तर बटण दाबल्यावर, कंपनीचे चिन्ह दिसताच, एस्केप बटण एक-दोनदा दाबायचे. जुन्या पद्धतीच्या लॅपटॉपांत शिफ्ट दाबून धरायचे. यादीत दुसऱ्या क्रमांकाला 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' असते. त्यात शिरले की कर्नलांचे क्रमांक एकाखाली एक दिसतात, सर्वांत वर नवा, त्याखाली जुने. प्रत्येकाची एक 'रिकव्हरी मोड' वाली जोडओळ असते, ती सोडून द्यायची. आम्ही वरचा नवा कर्नल सोडून खालचा जुना निवडला आणि एंटर दाबले.

बिस्मिल्लाह म्हणून भाची डोळे मिटून बसली होती. अर्ध्या मिनिटात तिचा डेस्कटॉप समोर आला. प्रोजेक्टची फाइल जिथल्या तिथे.

बोर्ड गेला असता तर जुन्या कर्नलवरही काळेच राहिले असते. चूक आमचीच होती. चिपचा ड्रायव्हर जुन्या मालिकेतला आणि त्याला न पेलणारा नवा कर्नल आम्ही आणून बसवला. बंदिस्त ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने बांधावा लागतो. ते काम डीकेएमएस नावाची व्यवस्था आपोआप करते. बांधणी फसली की नव्या कर्नलजवळ तर्जुमानच नसतो. वाचायची राहून गेलेली सूचना नेमके हेच सांगत होती.

पहिले काम म्हणून फोटो आणि अहवाल पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. लॅपटॉप सुरू झाला म्हणून खुशीत पुढे खटपट करत सुटू नये. मग कायमचा इलाज. त्या लॅपटॉपमध्ये दोन चिपा होत्या. टर्मिनल उघडून आम्ही एक आज्ञा दिली : इंग्रजी छोटी अक्षरे एल, एस, पी, सी, आय, मग एक मोकळी जागा, मग उणे चिन्ह आणि के. लॅपटॉपमधल्या सगळ्या पुर्ज्यांची यादी येते आणि प्रत्येकाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' या शब्दांपुढे त्याच्या तर्जुमानाचे नाव असते. यादीत 'व्हीजीए' आणि 'थ्रीडी' असे शब्द असलेल्या ओळी शोधायच्या. दोन सापडल्या तर चिपा दोन. भाची अहवाल लिहिते, कोड लिहिते, व्याख्याने बघते. खेळ नाही, व्हिडिओ जोडणे नाही. एवढ्याला इंटेलची चिप पुरून उरते. मग त्या जुन्या बंदिस्त ड्रायव्हरचा हट्ट कशाला? मिंटच्या मेनूत 'ड्रायव्हर मॅनेजर' आहे, उबुंटूत 'ॲडिशनल ड्रायव्हर्स'. तिथे बंदिस्त ड्रायव्हरऐवजी नूवो निवडला, पासवर्ड दिला, पाच-सात मिनिटे थांबलो, रीस्टार्ट केले. या वेळी मुद्दाम नव्या कर्नलवर. चित्र आले. बॅटरीही आता पूर्वीपेक्षा जास्त टिकते, असे भाची सांगते. ताकदवान चिप वापरात नाही, म्हणजे तसे होणे साहजिक आहे.

जुना कर्नलही चालला नाही तर

तसे होऊ शकते. मग त्याच ग्रबच्या यादीत पहिल्या ओळीवर उभे राहून 'ई' हे बटण दाबायचे. एक लांबलचक मजकूर उघडतो. घाबरू नका, इथे केलेला बदल त्या एका वेळेपुरता असतो, लॅपटॉप बंद केला की पुसला जातो. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटाला 'क्वाएट स्प्लॅश' असे दोन शब्द असतात. त्यांच्यापुढे एक जागा सोडून नोमोडसेट हा शब्द लिहा. छोटी अक्षरे, सलग : एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी. मग एफ-१० दाबा. या शब्दाने आपण कर्नलला सांगतो की, चिपशी बारीक बोलणी करू नकोस, जे साधे चित्र निघते ते काढ. तर्जुमान नाही, तेव्हा हातवाऱ्यांनी काम भागवायचे. चित्र येईल, पण मोठे आणि ओबडधोबड. तेवढ्यात ड्रायव्हर मॅनेजर उघडून योग्य ड्रायव्हर बसवून घ्यायचा.

हा शब्द कायमचा लिहून ठेवू नये. काही जण तसे करतात, काम भागते, आणि मग तक्रार करतात की लॅपटॉप तापतो, व्हिडिओ अडखळतो, प्रकाश कमी-जास्त होत नाही. होणारच. चित्र काढण्याचे सगळे ओझे तेव्हा मुख्य प्रोसेसरवर पडते. माझ्यापुरते सांगायचे तर ही अवस्था मला उर्दू वाचताना लगेच कळते. मोठ्या ओबडधोबड चित्रात नस्तालीक लिपीचे नुक्ते एकमेकांत मिसळतात, बे, पे आणि ते ओळखू येत नाहीत. देवनागरी कशीबशी वाचता येते, उर्दू नाही. शाळेच्या एका कॉम्प्युटरचा ड्रायव्हर बसलेलाच नाही, हे मला एका विद्यार्थिनीच्या निबंधावरून कळले होते. (उर्दूचा विषय निघालाच आहे तर : इनपेज हे सॉफ्टवेअर विंडोजचे आहे, लिनक्सवर ते थेट चालत नाही. ज्यांच्या घरात छपाईचे काम चालते त्यांनी लिनक्सवर जाण्याआधी याचा विचार करावा. साध्या उर्दू लेखनाला लिबर ऑफिस आणि नोटो नस्तालीक हा फॉन्ट पुरतो.)

चित्र येते पण दुसरेच काही खटकते, असेही प्रकार आहेत. नव्या लॅपटॉपवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकला, रीस्टार्ट केले, काहीच फरक नाही, हा त्यांतला सर्वांत जास्त आढळणारा. त्याचे कारण बहुधा सिक्युअर बूट. ही सुरक्षेची सोय अनोळखी ड्रायव्हरला आत येऊ देत नाही, आपण त्याची ओळख पटवावी लागते. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. पुढच्या रीस्टार्टला एक निळी स्क्रीन येते, तिच्यावर एमओके अशी अक्षरे असतात. तिथे 'एनरोल' ने सुरू होणारी ओळ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. आपण निळी स्क्रीन बघून दचकतो, 'कंटिन्यू' वर एंटर मारतो, आणि ओळख पटायची राहून जाते. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकावा आणि या वेळी निळ्या स्क्रीनसमोर शांत बसावे. काही जण सिक्युअर बूट बंदच करून टाकतात. त्याच लॅपटॉपवर विंडोजही असेल आणि त्याची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर विंडोज नंतर रिकव्हरी की मागू शकते. ती हाताशी नसेल तर या वाटेला जाऊ नये.

स्क्रीन थरथरते किंवा क्षणभर चमकून स्थिर होते, चिप इंटेलची आहे, तर वीज वाचवणारी 'पॅनल सेल्फ रिफ्रेश' ही सोय बहुधा त्रास देते. वर सांगितल्याप्रमाणे 'ई' दाबून, त्याच जागी हे सलग लिहावे : आय, ९१५, टिंब, इनेबल, अंडरस्कोर, पीएसआर, बरोबरचे चिन्ह, शून्य. अंक इंग्रजी, अक्षरे छोटी. थरथर थांबली तर हा बदल कायम करायला हरकत नाही. आणि उबुंटूत फक्त लॉगिननंतर गडबड होत असेल, तर पासवर्डच्या चौकटीवर असताना खाली उजव्या कोपऱ्यातल्या दातेरी चाकावर टिचकी मारून बघा. काही आवृत्त्यांत तिथे 'झॉर्ग' असा दुसरा पर्याय मिळतो, तो निवडून पुन्हा आत जा. एएमडीच्या चिपांबद्दल मला विशेष सांगण्यासारखे काही नाही, त्यांनी आम्हाला कधी फार सतावले नाही.

दुकानात देण्याआधी

यातले काहीच जमले नाही, यंत्रच खराब निघाले, तर दुकान आहेच. दुकानदार सगळे वाईट नसतात आणि त्यांचेही पोट त्यावर आहे. पण लॅपटॉप देण्याआधी त्यातले घरचे फोटो आणि कागदपत्रे काढून घ्या. आधार, पॅन, जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज हे सगळे मुले लॅपटॉपमध्येच ठेवतात. 'काळी स्क्रीन आहे, कसे काढणार?' तर यासाठी घरात एक लाइव्ह पेनड्राइव्ह असावा. आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यावर लिनक्स मिंटची फाइल, साधारण तीन जीबीची, एचर किंवा रूफस नावाच्या मोफत प्रोग्रॅमने उतरवा. पेनड्राइव्हवर आधी असलेले सगळे पुसले जाते, तेव्हा रिकामाच घ्या. हे काम कोणत्याही चालू कॉम्प्युटरवर होते.

अडलेल्या लॅपटॉपला तो लावायचा, आणि सुरू करताना कुठून सुरू करायचे ते विचारणारे बटण दाबायचे. डेल आणि लेनोवोत बहुधा एफ-१२, एचपीत एफ-९, आसूसमध्ये एस्केप. आलेल्या यादीत मिंटमध्ये 'कम्पॅटिबिलिटी मोड' आणि उबुंटूत 'सेफ ग्राफिक्स' अशी ओळ असते. ती निवडली की तो नोमोडसेट शब्द आपोआप लागतो. आता संपूर्ण लिनक्स पेनड्राइव्हवरून चालतो, आतल्या डिस्कला हात न लावता. फाइल मॅनेजरमध्ये आतली डिस्क दिसते, ती उघडून फोटो दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवायचे. ज्यांनी लिनक्स टाकताना डिस्कला कुलूप लावले असेल त्यांना इथे तो पासवर्ड द्यावा लागेल. समोर 'इन्स्टॉल' असे चिन्हही दिसते. त्याला हात लावू नका.

या पेनड्राइव्हने आणखी एक काम होते. त्यावरून चित्र स्वच्छ आले, अर्धा तास टिकले, तर तुमचा बोर्ड आणि स्क्रीन चालू आहे. साडेसहा हजारांचा प्रश्न तिथेच मिटतो.

नवीन काही टाकण्याआधी टाइमशिफ्ट चालवून ठेवावे. ते मिंटमध्ये आधीच असते. सिस्टिमचा त्या दिवसाचा नमुना ते जपून ठेवते आणि बिघाड झाला की त्या दिवसावर परत नेते. तुमचे फोटो-कागद मात्र ते जपत नाही, फक्त सिस्टिम. ते पेनड्राइव्हवरच ठेवायचे.

भाचीने अहवाल वेळेत जमा केला. दुल्हाभाईंनी लॅपटॉप न्यायला येताना साडेसहा हजारांतले काही माझ्यापुढे ठेवले. मी ते परत केले आणि एक आठ जीबीचा पेनड्राइव्ह तेवढा मागून घेतला. आता तो माझ्या कपाटात असतो. आतापर्यंत शेजारच्या दोन घरांत जाऊन आला आहे. एका घरात स्क्रीनची तारच खराब निघाली, ती दुकानात बदलून घ्यावी लागली. दुसऱ्या घरात भाचीच गेली होती, मला नंतर कळले.